नवी मुंबईचा वाढदिवस सोसायटीत साजरा करायचाय, तारीख कुठली धरायची?

नेरुळकर_७७

नमस्कार मंडळी. आमची सोसायटी नेरुळला आहे, सिडकोच्या (नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ) जुन्या बिल्डिंगा, आणि आता आमच्याकडे पुनर्विकासाचं नक्की होत आलंय. म्हणजे वर्षभरात सगळे भाड्याने इकडेतिकडे जातील आणि परत कोण कोण येईल माहीत नाही. त्याआधी एक कार्यक्रम करावा असं सांस्कृतिक समितीत ठरलं. शहराचा वाढदिवस म्हणून, छोटंसं प्रदर्शन, जुन्या लोकांची भाषणं, मुलांसाठी काहीतरी. १७ मार्च हा सिडकोचा स्थापना दिवस (१९७०), म्हणून मी तीच तारीख सुचवली. तर मीटिंगमध्ये एक काका म्हणाले की सिडको ही कंपनी आहे, कंपनीचा वाढदिवस म्हणजे शहराचा कसा? दुसऱ्या एक ताई म्हणाल्या १ जानेवारी घ्या, कारण महापालिका १ जानेवारी १९९२ ला सुरू झाली. तिसरे म्हणाले आपल्यासाठी शहर लोकल आली तेव्हा सुरू झालं. अर्धा तास यावरच गेला.

मला खरंच जाणून घ्यायचंय की तुम्ही कुठली तारीख धराल आणि का. आणि प्रदर्शनात काय ठेवावं? आमच्या सोसायटीतली मुलं सरळ म्हणतात की आपल्या शहराला हिस्टरीच नाही, हिस्टरी पुण्याला आहे, रायगडाला आहे. हे ऐकून वाईट वाटतं हो. २०२० ला पन्नास वर्षं झाली तेव्हा नेमका कोरोना सुरू झाला होता, शाळा आणि थिएटरं बंद झालेली, त्यामुळे तेव्हा आमच्याकडे काहीच करता आलं नाही. साठाव्या वर्षापर्यंत थांबायचं म्हटलं तर आमच्यातले बरेच ज्येष्ठ ऐंशीच्या पुढे आहेत, म्हणून घाई.

वाशी_जुना_रहिवासी

विषय काढलात बरं केलंत. मी वाशीत पहिल्या पहिल्या सेक्टरांत राहायला आलेल्या लोकांपैकी, तेव्हा तरुण होतो आणि नोकरी फोर्टला.

तारखेचं म्हणाल तर सुरुवात १९७० च्याही आधीची आहे. मुंबईत गर्दी वाढतेय आणि शहर उत्तरेकडेच लांबत चाललंय, पूर्वेला खाडीपलीकडे जागा पडून आहे, हे १९५०-६० च्या दशकात सगळ्यांना दिसत होतं. बर्वे समितीने ठाणे खाडीवर पूल बांधा म्हणून सांगितलं होतं. मग १९६५ ला 'मार्ग' नियतकालिकात चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी मिळून कल्पना मांडली की खाडीपलीकडे नुसती वस्ती नको, एक पूर्ण शहरच वसवा, स्वतःच्या नोकऱ्या असलेलं. दोन आर्किटेक्ट, एक इंजिनियर, त्यांना हे काम कोणी दिलेलं नव्हतं, स्वतःहून केलं. मला ही गोष्ट फार मोठी वाटते. पाचच वर्षांत सरकारने ती उचलली आणि सिडको झाली, जे. बी. डिसूझा तिचे पहिले मॅनेजिंग डायरेक्टर, आणि शिरीष पटेल व कोरिया दोघंही तिथे कामाला लागले. मुलांना हे जरूर सांगा.

पण राहणाऱ्या माणसाच्या बाजूने बघितलं तर शहर दोन टप्प्यांत जन्मलं. पहिला टप्पा १९७३, वाशीचा खाडीपूल. त्याआधी मुंबईहून रस्त्याने यायचं तर ठाण्याला वळसा. दुसरा टप्पा ९ मे १९९२, मानखुर्द-वाशी लोकल. या दोन्हींच्या मधली जवळजवळ वीस वर्षं आम्ही बसवर काढली. बीएमटीसीच्या (बॉम्बे मेट्रोपोलिटन ट्रान्सपोर्ट कॉर्पोरेशन) बसेस होत्या त्या १९८४ ला बंद पडल्या, मग एसटी आणि बेस्ट, संध्याकाळची रांग म्हणजे काय ती आम्हाला विचारा, पावसात पुलावर गाडी बंद पडली की अर्धी बस उतरून धक्का मारायला. त्या रांगेतच ओळखी झाल्या, त्या रांगेतूनच आमचं गणपती मंडळ निघालं, कोणाच्या घरी फोन आहे, कोणाची बायको नर्स आहे, हे सगळं रांगेत कळायचं. मुंबईचे नातेवाईक तर यायलाच तयार नसायचे, कुठे त्या जंगलात राहता म्हणायचे. संध्याकाळी सातनंतर रस्त्यावर चिटपाखरू नसायचं हे खरं आहे.

आणि लोकल कशी आली तेही लिहा प्रदर्शनात. रेल्वे एकटी पैसे घालायला तयार नव्हती, शेवटी खर्चाचा ६७ टक्के वाटा सिडकोने उचलला, ३३ टक्के रेल्वेने, आणि तिकिटावर सरचार्ज आम्ही प्रवाशांनी वर्षानुवर्षं भरला. म्हणजे ती लोकल आमच्या पैशातून उभी आहे. नंतर बेलापूर, १९९८ ला पनवेल, २००४ ला ठाणे-वाशी. माझं मत ९ मे. त्या दिवशी वाशी स्टेशनावर आमच्या सेक्टरमधली माणसं नवे कपडे घालून आली होती.

करावे_गावचा

राम राम. सगळं वाचलं. राग नाही काही, पण एक गोष्ट कोणीच लिहिली नाही म्हणून लिहितोय. खाडीपलीकडे जागा पडून आहे असं वरती लिहिलंय. पडून नव्हती दादा. ९५ गावं होती. ३४४ चौरस किलोमीटरचं शहर आखलं ते ९५ गावांच्या जमिनीवर आखलं. भातशेती होती, मिठागरं होती, खाडीत मासेमारी होती. खारबंदिस्ती आमच्या लोकांनी हाताने बांधलेली, भरतीचं पाणी शेतात येऊ नये म्हणून, दरवर्षी गावाने मिळून दुरुस्त करायची. आता जिथे तुमचे सेक्टर आहेत तिथे जिताडा, बोईट, कोळंबी मिळायची, माझी आजी ते सगळं नावासकट सांगायची, कुठल्या उघाडीवर (बांधातलं पाणी सोडायचं दार) काय मिळतं.

तुमच्या सोसायटीतली पोरं म्हणतात शहराला हिस्टरी नाही. त्यांना स्टेशनांची नावं वाचायला सांगा. तुर्भे, सानपाडा, नेरुळ, बेलापूर, कोपरखैरणे, घणसोली, रबाळे, ऐरोली. सगळी गावं आहेत, आजही आहेत, तुमच्या बिल्डिंगच्या मागे चालत जाता येतील एवढ्या अंतरावर. तुमच्याच नेरुळच्या पुढच्या स्टेशनच्या नावात सीवूड्सबरोबर दारावे पण आहे, ते दारावे किती लोक बोलतात?

आता तारीख. आमच्यासाठी तारीख १६ आणि १७ जानेवारी १९८४. जमिनीचा मोबदला आणि हक्क यासाठी दि. बा. पाटील साहेबांच्या नेतृत्वाखाली लोक रस्त्यावर उतरले, जासईजवळ दास्तान फाट्यावर आणि दुसऱ्या दिवशी पागोट्याला पोलिसांचा गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. दरवर्षी जासई आणि पागोट्याला अभिवादन होतं, आमच्या गावातून माणसं जातात. त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचं तत्त्व आलं, जे नंतर बाकीच्या ठिकाणच्या प्रकल्पग्रस्तांनी पण मागितलं. हे सगळं शहराच्या इतिहासात येतं की नाही? माझं म्हणणं येतं, आणि पहिल्या पानावर येतं. २०२१ च्या जूनमध्ये विमानतळाला दिबांचं नाव द्या म्हणून मानवी साखळी झाली, सिडको भवनला घेराव झाला, त्यात तुमच्या सेक्टरांतले पण खूप जण उभे होते हे मी डोळ्याने बघितलंय. म्हणून मला वाटतं तुम्हाला सांगितलं तर तुम्ही ऐकाल.

गावठाण वाढवून मिळालं नाही, कुटुंबं वाढली, मग गरजेपोटी घरं बांधली, ती कायम करण्याचं घोंगडं इतकी वर्षं भिजत पडलंय. वाढदिवसात हे बोलायचं का? बोला. तुमच्या घराची लीज साठ वर्षांची आणि आमचं घर अनधिकृत म्हणतात, दोघांचा प्रश्न एकाच जमिनीचा आहे.

प्रदर्शनासाठी एक सांगतो. गावातल्या जुन्या माणसांकडे सातबारे आहेत, जपून ठेवलेले. त्यावर शेताचं स्थानिक नाव लिहिलेलं असतं. नुसता नंबर नाही, नाव. तुमची सोसायटी ज्या शेतावर उभी आहे त्याचं नाव शोधा आणि ते बोर्डवर लिहा. मी स्वतः येईन मदतीला, आमच्या गावातल्या काकींना पण घेऊन येईन, त्यांना लग्नातली धवला गाणी पाठ आहेत, पण त्यांना नुसतं स्टेजवर पाच मिनिटं नाचायला बोलावू नका. बसायला खुर्ची द्या आणि बोलू द्या.

कोपरखैरणे_सेक्टर

दादांनी एकदम बरोबर लिहिलं. मी तिसरी बाजू सांगते कारण आम्ही ना गावचे ना सिडकोच्या मोठ्या फ्लॅटचे 🙂 आम्ही माथाडीची पोरं. माझे वडील पाटण तालुक्यातले, आधी मस्जिद बंदरला पाठीवर गोणी वाहायचे, गाळ्यावरच झोपायचे, आम्ही आईबरोबर गावाला. मार्केट वाशीला हललं म्हणून आम्ही सगळे एकत्र राहायला आलो. कांदा-बटाटा मार्केट आधी, ८० च्या दशकाच्या सुरुवातीला, मग मसाला आणि धान्य, आणि भायखळा-क्रॉफर्डची भाजी आणि फळं १९९६ ला. कोपरखैरणेत माथाडींसाठी छोटी घरं झाली ती खरंच छोटी, पण बाबांना पहिल्यांदा दाराला स्वतःचं कुलूप मिळालं. आता प्रत्येकाने वर मजले चढवलेत, गल्लीत ऊन येत नाही, ते वेगळं.

तर आमची तारीख म्हणाल तर १९६९. माथाडी कायदा. तो नसता तर या लोकांना ना पगाराची हमी ना घर. अण्णासाहेब पाटलांनी संघटना बांधली म्हणून हे शहर आम्हाला मिळालं. मुंबईचं अर्धं जेवण एपीएमसीतून, म्हणजे या वाशीच्या मार्केटमधून जातं आणि ते उचलणारी माणसं पहाटे तीनला कामाला लागतात, त्यांचं नाव कुठल्याच स्मरणिकेत नसतं. स्मरणिका म्हटली की प्लॅन, आर्किटेक्ट, साहेब, पूल. प्रदर्शनात माथाडीचा हुक ठेवा. गोणीला लावायचा लोखंडी हुक. माझ्या बाबांचा आहे, मी देईन, फक्त परत पाहिजे.

आणि मुलांसाठी मला सुचतंय की प्रत्येक मुलाने घरात विचारायचं, आपण इथे का आलो? एवढाच प्रश्न. आमच्या गल्लीत सातारा, जुन्नर, युपी, तामिळनाडू सगळे आहेत. वाशीत बंगाली मंडळींची दुर्गापूजा बघा, नेरुळला अय्यप्पा मंदिर बघा. प्रत्येकाची येण्याची गोष्ट वेगळी आहे.

नकाशावाला

मी शहर नियोजनात काम करतो, त्यामुळे थोडं लांबलचक होईल, सांभाळून घ्या.

आधी तारखांचं. १७ मार्च १९७० ला सिडको कंपनी म्हणून नोंदवली गेली हे बरोबर, पण तेव्हा ती सिकॉम या राज्य सरकारच्या दुसऱ्या महामंडळाची उपकंपनी होती, नवीन शहराचं विकास प्राधिकरण म्हणून तिची नेमणूक १९७१ मध्ये झाली. म्हणजे कागदावरसुद्धा एक तारीख नाही. आणि हे फक्त आपल्याकडेच आहे असं नाही, आखून वसवलेल्या शहरांत असंच असतं. गाव हळूहळू वाढतं त्याला वाढदिवसच नसतो, आखलेल्या शहराला तीन-चार असतात आणि प्रत्येक तारखेचा मालक वेगळा. मला वाटतं तुमच्या मीटिंगमध्ये जो अर्धा तास गेला तो वाया गेला नाही, तोच कार्यक्रम आहे. एक लांब पट्टी करा भिंतीवर, १९६५ पासून आजपर्यंत, आणि सगळ्या तारखा लावा, जासई-पागोटे पण त्याच पट्टीवर, त्याच आकाराच्या अक्षरात. अटल सेतू (१२ जानेवारी २०२४), बेलापूर-पेंधर मेट्रो (१७ नोव्हेंबर २०२३), विमानतळाचं उद्घाटन (८ ऑक्टोबर २०२५) हे शेवटी. आणि मधे रिकामी जागा ठेवा, लोक स्वतःच्या तारखा चिकटवतील.

दुसरं, प्लॅनमध्ये काय ठरलं होतं आणि काय झालं हे मुलांना दाखवा, त्यात खरी मजा आहे. एकच मोठं केंद्र न करता अनेक नोड, म्हणजे वाशी-नेरुळसारख्या स्वतंत्र वसाहती, करायचे, प्रत्येक नोड रेल्वेच्या आजूबाजूला, शाळा-बाजार चालत जाण्याच्या अंतरावर, ही कल्पना बऱ्यापैकी उतरली. वाशीच्या किंवा नेरुळच्या सेक्टरमध्ये लहान मूल एकटं शाळेत जाऊ शकायचं ते त्यामुळेच. जे उतरलं नाही ते म्हणजे सरकार. राज्याची राजधानीच या नव्या शहरात हलवावी अशी मूळ मागणी होती, मंत्रालय आलं की मागोमाग ऑफिसं येतील असा हिशोब होता. मंत्रालय आलं नाही, उलट त्याच काळात नरिमन पॉइंटला भराव टाकून टॉवर उभे राहिले. बेलापूरला कोकण भवन आलं, सिडको भवन आलं, पण जो ओढा हवा होता तो नाही आला. त्यामुळे वर वाशीकर काकांनी लिहिलेली बसची रांग ही नुसती गैरसोय नव्हती, नोकरी पलीकडेच राहिली म्हणून ती रांग होती. मला ही या शहराची सगळ्यात मोठी चुकलेली संधी वाटते आणि याबद्दल आजही कोणी बोललं तर मला बोलत राहावंसं वाटतं.

दोन ठिकाणी मुलांना घेऊन जा. एक म्हणजे बेलापूरचं आर्टिस्ट व्हिलेज, कोरियांनीच केलेलं, ८० च्या दशकातलं. सात सात घरं एका छोट्या अंगणाभोवती, आणि एका घराची भिंत दुसऱ्याला लागत नाही, म्हणजे पैसे आले की शेजाऱ्याला न विचारता घर वाढवता यावं. लोकांनी इतकं वाढवलं की मूळ घरं आता शोधावी लागतात, पण अंगणं अजून आहेत, मुलं तिथे खेळतात. दुसरं म्हणजे धारण तलाव. आपल्या शहराचा बराच भाग भरतीच्या पातळीच्या खाली आहे, हे बहुतेकांना माहीतच नसतं. भरतीला दारं आपोआप मिटतात, पावसाचं पाणी तलावात साठतं, ओहोटीला दारं उघडून ते खाडीत जातं. वाशीचं मिनी सीशोर आणि तुमच्या नेरुळचं ज्वेल हे जे आपण फिरायला जातो ते मुळात हे धारण तलाव आहेत. आता बऱ्याच तलावांत गाळ भरलाय आणि खारफुटी वाढलीय, म्हणून गाळ काढायचा की खारफुटी वाचवायची हा वाद कोर्टापर्यंत गेला. आणि करावेच्या दादांनी खारबंदिस्ती आणि उघाडीबद्दल लिहिलंय ना, तत्त्व तेच आहे हो! भरतीला बंद, ओहोटीला उघडी. शेतकऱ्यांनी जे शेतासाठी केलं तेच इंजिनियरांनी शहरासाठी केलं. प्रदर्शनात ही दोन चित्रं शेजारी शेजारी लावाच.

तिसरं, पुनर्विकास होतोय म्हणून सांगतो, आत्ताच्या आत्ता जुन्या घरांचे नकाशे आणि फोटो घ्या. वाशीत सेक्टर ९-१० च्या जेएन टाइप बिल्डिंगांचं काय झालं बघा, लोक धोकादायक घरात वर्षानुवर्षं अडकले आणि घाईत बाहेर पडले, तेव्हा अलॉटमेंट लेटर, पहिल्या मीटिंगची मिनिट्स, सोसायटीचं रजिस्टर, असं खूप काही रद्दीत गेलं.

नेरुळकर_७७

तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंत, मी हे प्रिंट काढून समितीत वाचून दाखवलं. करावेच्या दादांचं वाचताना दोन मिनिटं कोणी बोललं नाही. ज्या काकांनी कंपनीचा वाढदिवस म्हटलं होतं ते म्हणाले यांना आधी बोलवा, बाकीचं नंतर.

सध्या असं ठरतंय की एका दिवसाचा कार्यक्रम करायचाच नाही. जानेवारीत १६ तारखेला आमच्यातले काही जण जासईला अभिवादनाला जाणार, फुलं घेऊन, भाषण वगैरे काही नाही. १७ मार्चला दहावीच्या परीक्षा असतात त्यामुळे तेव्हा फक्त ज्येष्ठांच्या गप्पा, रेकॉर्डिंग. आणि ९ मेला मोठं प्रदर्शन, मुलांना सुट्टी पण असते. ती लांब पट्टी पार्किंगच्या भिंतीवर लावू.

दोन शंका. रेकॉर्डिंग मोबाईलवर केलं तर चालेल का? आणि करावे गावात आम्ही कधी यावं, जत्रेच्या वेळी आलं तर अडचण होईल का?

नकाशावाला

मोबाईल चालतो. पंखा बंद करा, आवाज त्यानेच खराब होतो. सुरुवातीला माणसाचं नाव, गाव, कुठल्या साली आले एवढं त्यांच्याच तोंडून घ्या, आणि एका वेळी एकच माणूस, दोन ज्येष्ठ एकत्र बसले की एकमेकांचं दुरुस्त करत बसतात. फोटो मूळ मागून ठेवून घेऊ नका, तिथेच बसून स्कॅन करून हातात परत द्या. माझ्याकडे स्कॅनर आहे, आणतो.

करावे_गावचा

जत्रेत अडचण कसली, जत्रेत तर पाहुणे पाहिजेतच. पण कामाचं बोलायचं असेल तर त्याच्या आधी या, जत्रेच्या दिवशी कोणाला वेळ नसतो, सगळे पालखीत आणि पाहुण्यांत. एखाद्या रविवारी सकाळी दहाच्या पुढे या, मंदिरासमोरच्या ओट्यावर जुनी माणसं बसलेली असतात. सातबाऱ्याचं मी चौघांना विचारलंय, दोघं हो म्हणाले. तुमच्या सोसायटीचा प्लॉट नंबर आणि जुना सर्वे नंबर मिळाला तर आधी पाठवा, म्हणजे नाव शोधायला सोपं जाईल.

कोपरखैरणे_सेक्टर

मी पण येते त्या रविवारी. बाबांना पण आणू का? ते म्हणतायत मार्केट यायच्या आधी तुर्भ्याला काय होतं ते त्यांना गावच्या लोकांकडून ऐकायचंय.

करावे_गावचा

आणा की. बाबांना सांगा जेवूनच जायचंय.